जगप्रदक्षिणेचे तिकीट: बदल करायचा तर कसा?

तळेगावच्या किंवा लोणावळ्याच्या घरातली लेक न्यू जर्सीत आणि मुलगा सिडनीत, हे आता नवलाचे राहिलेले नाही. आईवडील निवृत्त झाले की दोघांकडे जायचे ठरते. बहुतेक जण त्यासाठी दोन वेगळ्या वाऱ्या करतात. एका वर्षी मुंबई ते अमेरिका आणि परत, पुढच्या वर्षी मुंबई ते ऑस्ट्रेलिया आणि परत. पण पृथ्वीगोल समोर ठेवला की तिसरा मार्ग दिसतो. मुंबईहून पश्चिमेला निघून लंडन गाठायचे, अटलांटिक ओलांडून न्यू जर्सीत लेकीकडे राहायचे, तिथून सॅन फ्रान्सिस्को, मग पॅसिफिक ओलांडून सिडनी आणि सिंगापूरमार्गे घरी. मागे न वळता पृथ्वीला एक फेरा पूर्ण होतो. या प्रवासाला ‘राउंड द वर्ल्ड’ तिकीट मिळते. ट्रॅव्हल एजंट त्याला थोडक्यात ‘आरटीडब्ल्यू’ म्हणतात.

हे तिकीट काढताना सगळे कुटुंब नकाशावर वाकलेले असते. खरी परीक्षा येते ती तिकीट हातात आल्यावर. बाळंतपणानंतर लेकीला आणखी महिनाभर आई हवी असते, नातवंडांच्या सुट्ट्या बदलतात, गुडघा दुखावतो, किंवा विमान कंपनीच आपले वेळापत्रक बदलते. सहा-आठ महिन्यांच्या प्रवासात काहीच बदलले नाही असे क्वचितच होते. म्हणून हे तिकीट घेणाऱ्याला बदलाचे नियम खरेदीच्या नियमांइतकेच नीट माहीत असायला हवेत. त्या माहितीअभावी लोक हजारो रुपये उगाच भरतात आणि कधी कधी उरलेला सगळा प्रवास गमावून बसतात.

खंडाळ्याच्या फाट्यावरून

पैसे मोजून, ठरलेल्या वाहनांनी जगाला फेरी मारता येते ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वीची आहे. 1869 मध्ये अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनारे रेल्वेने जोडले गेले आणि त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला. 1870 मध्ये मुंबई आणि कोलकाता रेल्वेने जोडली गेली. या तीन दुव्यांमुळे जगाचा फेरा सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आला. 1872 मध्ये थॉमस कुक या ब्रिटिश प्रवास व्यावसायिकाने पर्यटकांचा एक गट जगाच्या फेरीवर नेला. त्या सफरीला 222 दिवस लागले. त्याच वर्षी ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाची कादंबरी फ्रेंच वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईहून रेल्वेने निघतो तेव्हा कल्याणला खंडाळा आणि पुण्याकडे जाणारा फाटा लागल्याची नोंद कादंबरीत आहे. बोरघाटातली रेल्वे 1863 मध्येच सुरू झाली होती.

विमानांच्या काळात 17 जून 1947 रोजी पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीने जगाला वळसा घालणारी नियमित सेवा सुरू केली. परंतु एकाच कंपनीची विमाने सगळीकडे जाणे अवघड असते. म्हणून कंपन्यांनी आघाड्या केल्या. स्टार अलायन्स 1997 मध्ये आणि वनवर्ल्ड 1999 मध्ये स्थापन झाली. एअर इंडिया जुलै 2014 मध्ये स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. आजची जगप्रदक्षिणेची तिकिटे प्रामुख्याने या आघाड्यांची असतात. विमाने चार-पाच कंपन्यांची, पण भाडे एक आणि करार एक.

पूर्ण प्रवासाचा एक भाव

या तिकिटात प्रत्येक उड्डाणाचे भाडे वेगळे लावून बेरीज केलेली नसते. सगळ्या प्रवासाचा मिळून एक भाव असतो आणि तो काही अटींवर मिळतो. प्रवास एकाच दिशेने करायचा, पूर्वेला किंवा पश्चिमेला. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. ज्या देशातून निघालो त्याच देशात परत यायचे. जास्तीत जास्त सोळा टप्पे आणि एक वर्षाची मुदत. मधला एखादा भाग रेल्वेने किंवा मोटारीने केला तरी तोही एक टप्पा म्हणून मोजला जातो.

भाव ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. स्टार अलायन्स अंतर मोजते. तिच्या तिकिटांत 26,000, 29,000, 34,000 आणि 39,000 मैल अशा मर्यादा असतात. वनवर्ल्डचे ‘एक्स्प्लोरर’ तिकीट खंड मोजते. तीन खंडांचा भाव वेगळा, चारांचा वेगळा, आणि असे सहापर्यंत. त्यांची खंडांची व्याख्या शाळेच्या भूगोलापेक्षा वेगळी आहे. युरोप आणि मध्यपूर्व मिळून त्यांच्या लेखी एकच खंड होतो, त्यामुळे दोहा आणि लंडन एकाच खंडात येतात आणि इजिप्तही त्यातच धरला जातो. एका खंडात साधारण चार उड्डाणे करता येतात, उत्तर अमेरिकेत सहा.

बदलाचे सगळे गणित या पद्धतीतून निघते. आपला बदल मैलांच्या मर्यादेत किंवा खंडांच्या संख्येत बसला तर खर्च थोडा येतो. मर्यादा ओलांडली तर पूर्ण तिकीट वरच्या भावाने पुन्हा मोजले जाते.

आरक्षण वेगळे, तिकीट वेगळे

बदल समजून घ्यायचा तर आधी दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर म्हणजे आरक्षणाची नोंद. कोणत्या विमानात, कोणत्या तारखेला आपली जागा आहे एवढेच तो सांगतो. एकाच प्रवासात वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे पीएनआर असू शकतात. तिकीट म्हणजे पैसे भरल्याचा आणि प्रवासाच्या हक्काचा दस्तऐवज. त्याला तेरा आकडी क्रमांक असतो. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: 098 असतील तर एअर इंडिया, 618 असतील तर सिंगापूर एअरलाइन्स, 125 असतील तर ब्रिटिश एअरवेज. बदलाची जबाबदारी त्या कंपनीची किंवा ज्या एजंटने तिकीट काढले त्याची असते, त्या दिवशी आपण ज्या विमानात बसणार आहोत त्या कंपनीची असेलच असे नाही.

एका तिकीट क्रमांकावर चारच उड्डाणांची कुपने मावतात. म्हणून सहा उड्डाणांच्या प्रवासाला लागोपाठचे दोन क्रमांक येतात आणि सोळांच्या प्रवासाला चार. हे सगळे क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवावेत.

कागदी तिकिटांच्या काळात तारीख बदलली की कुपनावर नव्या तारखेची चिकटपट्टी लावत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना आयाटाने 1 जून 2008 पासून कागदी तिकिटे बंद करून ई-तिकीट सार्वत्रिक केले. आता तोच बदल संगणकात होतो, आणि नेमकी इथेच मोठी फसगत होते. फोनवरचा कर्मचारी नवी तारीख आरक्षणात घालतो, आपल्याला नव्या तारखेचा मेल येतो, पण तिकिटावर जुनीच तारीख राहते. मग विमानतळावर आरक्षण दिसते आणि तिकीट जुळत नाही, म्हणून बोर्डिंग पास निघत नाही. बदल केल्यावर दरवेळी एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: “तिकीट रि-इश्यू किंवा रि-व्हॅलिडेट झाले का?” रि-इश्यू म्हणजे नव्या क्रमांकाचे तिकीट, त्यात जुन्या तिकिटाची न वापरलेली कुपने ‘एक्सचेंज्ड’ होतात. रि-व्हॅलिडेट म्हणजे तोच क्रमांक ठेवून कुपनावरची तारीख बदलणे. दोन्हीपैकी काहीच झाले नसेल तर आपले काम अर्धे राहिलेले आहे असे समजावे.

तारखेचा बदल

या तिकिटात सर्वांत सोपा बदल तारखेचा. मार्ग तोच, शहरे तीच, फक्त दिवस पुढे-मागे, तर साधारणपणे शुल्क लागत नाही. या सवलतीला कारण आहे. विमान कंपन्या जागांची विक्री सुमारे अकरा महिने आधी खुली करतात, तिकिटाची मुदत मात्र एक वर्षाची असते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यांच्या तारखा अनेकदा अंदाजानेच घालाव्या लागतात आणि पुढे बदलता येणे गरजेचे ठरते.

अट एकच आहे. नव्या दिवशीच्या विमानात त्याच श्रेणीची जागा शिल्लक हवी. विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा भावानुसार अनेक श्रेणींत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक श्रेणीला एक इंग्रजी अक्षर असते. वनवर्ल्ड एक्स्प्लोररच्या इकॉनॉमी तिकिटासाठी ते ‘एल’ आहे. संकेतस्थळावर विमानात भरपूर जागा दिसतात, पण ‘एल’ संपलेली असते, आणि मग जागा नाही असे उत्तर मिळते. कर्मचारी अशा वेळी खोटे बोलत नसतो. आपण तीन-चार पर्यायी तारखा तयार ठेवाव्यात आणि नाताळ, मे महिना, दिवाळी हे गर्दीचे काळ असतील तर बदलाचा विचार लवकर करावा.

मार्गाचा बदल

शहर गाळणे, नवे शहर घालणे किंवा क्रम बदलणे हा मार्गाचा बदल. यासाठी तिकीट रि-इश्यू करावेच लागते. दोन्ही आघाड्यांच्या नियमांत त्याचे शुल्क बराच काळ प्रत्येक वेळी, प्रत्येक प्रवाशामागे 125 अमेरिकी डॉलर राहिले आहे. याशिवाय भाड्यातला आणि करांतला फरक भरावा लागतो. शुल्क प्रत्येक रि-इश्यूला लागते, प्रत्येक शहराला नाही. म्हणून मनातले सगळे बदल एकदम सांगावेत. आज एक आणि महिन्याने दुसरा असे केले तर पतीपत्नी मिळून चार शुल्के होतात.

सुरुवातीचेच उदाहरण घेऊ. मुंबई–लंडन–न्यूअर्क–सॅन फ्रान्सिस्को–सिडनी–सिंगापूर–मुंबई हे अंतर सुमारे 24,300 मैल भरते. म्हणजे 26,000 च्या मर्यादेत दीड हजार मैलांहून अधिक जागा उरते. अमेरिकेत असताना वाटले की सिडनीला जाताना न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला थांबावे. वाट थोडीच लांबते, साधारण साडेचारशे मैलांनी. मर्यादा शाबूत राहते आणि खर्च रि-इश्यूचे शुल्क व करांतला फरक एवढ्यावर भागतो. त्याऐवजी टोकियोला थांबायचे ठरवले तर सुमारे 2,600 मैल वाढतात, एकूण अंतर 26,000 च्या पुढे जाते आणि तिकीट 29,000 मैलांच्या भावात चढते. ही बेरीज घरबसल्या करता येते. एजंटला फोन करण्याआधी ती करावी. खंड मोजणाऱ्या तिकिटातही हाच हिशेब आहे. टोकियो आशियात येते आणि आशिया तर मुंबईमुळे आधीच मोजलेला असतो, पण लेकीकडून ब्राझील पाहून यायचे ठरले तर दक्षिण अमेरिका हा नवा खंड वाढतो आणि भाव वरच्या पायरीवर जातो.

करांचेही लक्षात घ्यावे. ब्रिटनमधून विमानाने निघणाऱ्यावर तिथे प्रवासी कर आहे आणि लांबच्या प्रवासाला तो बराच असतो. लंडनला उतरून चोवीस तासांच्या आत त्याच तिकिटावर पुढचे विमान पकडले तर तो लागत नाही. त्यामुळे नुसता विमान बदलण्याचा थांबा तीन दिवसांच्या मुक्कामात बदलला की कर वाढतो आणि उलट केले की कमी होतो.

बदल कधी करतो यावरही खर्च ठरतो. पहिल्या उड्डाणाआधी मार्ग बदलला तर त्या दिवशीचे चालू भाडे लागू होऊ शकते. प्रवास सुरू झाल्यावर सामान्यतः मूळ भाड्याच्या आधारे फेरहिशेब होतो. आणि अर्धा प्रवास झाल्यावर तिकीट रद्द करून उरलेले पैसे मागितले तर हाती जवळजवळ काही येत नाही, कारण झालेल्या टप्प्यांचे महागडे एकमार्गी भाडे वजा करून परतावा काढतात. न्यू जर्सीहूनच घरी परतायची वेळ आली तर तिकीट फेकून न देता आधी मार्ग बदलून परत येता येते का हे विचारावे.

बदल विमान कंपनीने केला तर

विमान कंपनीने उड्डाण रद्द केले किंवा वेळ इतकी बदलली की पुढचे विमान चुकते, तर तो प्रवाशाने मागितलेला बदल नाही. अशा वेळी रि-इश्यूचे शुल्क लागू नये आणि पर्यायी विमान देणे हे कंपनीचे काम असते. मेलमधल्या ‘स्वीकारा’ या बटणावर घाईने बोट ठेवू नये. आधी पुढचे सगळे टप्पे जुळतात का ते तपासावे. एक उड्डाण दोन तास सरकले की तिसऱ्या देशातली जोड तुटू शकते. पटत नसेल तर बटण दाबण्याआधीच फोन करून आपल्याला सोयीचे विमान मागावे.

घाट आणि ‘नो-शो’

या तिकिटातला सर्वांत घातक शब्द आहे ‘नो-शो’. न कळवता एखादे उड्डाण चुकवले की पुढची सगळी आरक्षणे आपोआप रद्द होतात, कारण कुपने क्रमानेच वापरायची अट असते. लंडनचे विमान चुकले तर सिडनीची जागाही जाते. साध्या परतीच्या तिकिटात एक फेरी बुडते, इथे पृथ्वीचा उरलेला फेरा बुडतो.

मावळच्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण मुंबईच्या विमानतळावर जाण्यासाठी आपल्याला बोरघाट उतरावा लागतो. एरवी लोणावळ्याहून दोन-अडीच तासांत विमानतळ येतो. पण पावसाळ्यात दरडी येतात. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्गाची वाहतूक कोलमडली होती. कर्जत ते मंकी हिल या टप्प्यात रेल्वेलाही पावसाचा फटका बसतो. शनिवार-रविवारची आणि सुट्ट्यांची कोंडी तर नेहमीचीच. जून ते सप्टेंबरमध्ये निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. घाटात अडकलोच तर विमान सुटण्याआधी, गाडीतूनच, तिकीट देणाऱ्या कंपनीला किंवा एजंटला फोन करून उड्डाण बदलून घ्यावे. विमान सुटण्याआधी केलेला फोन हा तारखेचा बदल असतो, सुटल्यानंतर केलेला फोन ही विनवणी असते.

यावर आणखी एक उपाय तिकीट काढतानाच करता येतो. नियमानुसार त्याच देशात परतायचे असते, त्याच शहरात नव्हे. त्यामुळे पुण्याहून दिल्लीमार्गे निघून मुंबईला परतता येते. एक टप्पा वाढतो, पण जाताना घाट टळतो. परतताना उशीर झाला तरी पुढे चुकण्यासारखे विमान नसते. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. तारीख बदलल्यावर तिकिटावर मुंबई महानगरातला नेमका कोणता विमानतळ आहे हेही वाचून घ्यावे.

तारखेसोबत बदलणाऱ्या गोष्टी

तिकिटाची तारीख बदलली म्हणून त्या देशातल्या वास्तव्याची परवानगी वाढत नाही. अमेरिकेच्या व्हिसावरची शेवटची तारीख आणि तिथे राहण्याची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत विमानतळावर अधिकारी ठरवतात आणि ती आय-94 या नोंदीत असते. लेकीकडचा मुक्काम लांबवण्याआधी ती नोंद पाहावी. पुढच्या देशाच्या व्हिसाची मुदत आणि प्रवासविमा यांचेही तसेच. मार्गात नवे शहर आले तर तिथे नुसते विमान बदलायलाही भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीतून तपासावे.

पॅसिफिक ओलांडताना कॅलेंडरही बदलते. फॉग पूर्वेकडे गेला म्हणून त्याच्या हिशेबात एक दिवस जास्त आला. आपण मुंबईहून पश्चिमेकडे निघालो तर आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एक दिवस हरवतो. सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी रात्री निघालेला प्रवासी सिडनीला बुधवारी सकाळी उतरतो. तारीख बदलताना मुलाला सुटण्याचा दिवस न सांगता पोहोचण्याचा दिवस सांगावा, आणि सिडनीहून पुढची तारीख त्यावरून मोजावी.

मुदतीच्या आत शेवटचे उड्डाण झालेच पाहिजे हा नियम कडक आहे. प्रवासात गंभीर आजार आला तर अनेक कंपन्यांच्या अटींत वैद्यकीय प्रमाणपत्रावर मुदत वाढवून मिळण्याची सोय असते. म्हणून परदेशी डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत.

बदल मागताना

फोन करण्याआधी चार गोष्टी समोर असाव्यात: सगळे तिकीट क्रमांक, प्रत्येक कंपनीचा पीएनआर, हव्या असलेल्या उड्डाणांचे क्रमांक व पर्यायी तारखा, आणि स्वतः केलेली मैलांची किंवा खंडांची बेरीज. जगप्रदक्षिणेची तिकिटे कमी विकली जातात, त्यामुळे प्रत्येक कर्मचाऱ्याला त्यांचे नियम पाठ नसतात. एकाकडून नकार आला तर शांतपणे दुसऱ्यांदा फोन करावा आणि आपला बदल तारखेचा आहे की मार्गाचा हे पहिल्याच वाक्यात सांगावे. तिकीट स्थानिक एजंटकडून काढणार असाल तर पैसे देण्याआधी एक गोष्ट विचारा: आम्ही अमेरिकेत असताना मध्यरात्री बदल करावा लागला तर तो कोण करील? याचे ठाम उत्तर देणारा एजंट थोडे जास्त घेत असला तरी त्याच्याकडेच तिकीट काढावे.

दोन्ही मुलांना एकाच वाटेवर भेटून यायची ही संधी उत्तम आहे आणि वयामुळे ती अनेकदा पुन्हा येत नाही. नियम कळले की बदलाचे भय उरत नाही. तारीख मनमोकळी बदला, मार्ग हिशेब करून बदला, आणि काहीही झाले तरी न कळवता एकही विमान चुकवू नका.